फुंकायचं नाही

लग्न पाथरीचं. घोड्यानं मान झटकली
आणि क्लॅरिनेट माझ्या तोंडात होतं.
एवढंच झालं.
वरात काही थांबली नाही.
समोरचा दात मी रुमालात बांधला
आणि उरलेलं गाणं ओठाच्या कडेनं ओढून नेलं.

आता परभणीत, जिना चढून जायच्या दवाखान्यात
शेळगावकर बाई म्हणाल्या, स्क्रू नीट बसलाय,
पण हाडाला तो आपला वाटायला
चार महिने तरी लागतील.
मग थुंकायचं नाही, स्ट्रॉनं ओढायचं नाही,
तंबाखूचं नावसुद्धा काढायचं नाही,
आणि खुर्चीखालच्या माझ्या काळ्या पेटीकडं बघून
जरा थांबून,
फुंकायचं नाही.

चहा पण? मी खुणेनं विचारलं.
चहा आपोआप गार होतो, त्या म्हणाल्या.

पहिल्या रात्री दोन उशा.
रझियाभाभीच्या फ्रीजमधला बर्फ पंच्यात बांधून
कौतिका घड्याळ बघत बसलेली.
वीस मिनिटं गालावर, वीस मिनिटं ताटलीत.
तोंडात रक्ताची चव, नाणं चाटल्यासारखी.
थुंकावं वाटलं की मी भिंत मोजायचो.

तिसऱ्या दिवशी ओठ असा सुजला
की आरशात मला थोरले मामा दिसले.
घाबरून फोन केला तर बाई म्हणाल्या,
आज सूज सगळ्यात जास्त असते, उद्यापासून उतरेल.
उद्या उतरली नाही. परवा उतरली.

कोमट मिठाचं पाणी घ्यायचं,
मान इकडं, मान तिकडं,
आणि तोंड उघडून आपलं आपण पडू द्यायचं.
चूळ भरायची पण जोर लावायचा नाही,
हे चोपन्नाव्या वर्षी शिकलो.

मानवतहून मेव्हण्यानं हुरडा धाडला.
घरभर लसणाच्या चटणीचा वास सुटला.
मी ज्वारीच्या कण्या, गार करून, ताकात कालवून,
चमच्यानं, एका बाजूनं.
"कामून तोंड वाकडं करायलास?" म्हातारी म्हणाली.
तोंड वाकडंच होतं, तिला काय सांगू.

रात्री बँड सेलूच्या लग्नाला गेला.
माझ्या जागी भाचा, अंबादास, माझाच कोट घालून,
बाह्या दोन घड्या दुमडून.
मी अंधारात पेटी उघडली,
पत्ती जिभेवर ठेवायची सवय
दातांमागंच परत फिरवली.
नुसती बोटं ठेवली चाव्यांवर.
टक टक टक,
आख्खं गाणं बोटांनी म्हटलं.
कौतिका कूस बदलून म्हणाली,
उंदीर आलाय वाटतं.

दहाव्या दिवशी टाके निघाले.
पानटपरीवाल्या गफ्फारनं हाक मारली, पुडी पुढं केली,
मी हात जोडले. तो हसला, मग हसला नाही.
खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात
एकदा चिमूट हातात घेतली होती,
मळून झाली होती.
चुना नखाला लागलेला बघत बराच वेळ उभा राहिलो
आणि नाल्यात झटकली.
बाईंना हे सांगितलेलं नाही.

चैत्र गेला. वैशाखाच्या सगळ्या तारखा
अंबादासनंच वाजवल्या. वरचा सूर त्याचा फाटतो.
मी रस्त्याच्या कडेला, वऱ्हाड्यांत,
पिशवीत घडी घातलेला बिनकामाचा रुमाल.
घरी आल्यावर त्याला म्हणालो,
श्वास पोटातून घे, गाल फुगवू नको.
तो म्हणाला, मामा, वाजवून दाखवा की.

जेठात परत खुर्चीवर.
फोटो पाहून बाई म्हणाल्या, हाडानं धरलंय.
मग आरशाच्या दांडीनं
त्यांनी आतल्या धातूवर हलकेच ठोकलं.

टण्.

मी डोळे मिटले.
दुखलं का? त्यांनी घाबरून विचारलं.
नाही, म्हणालो,
पुन्हा एकदा मारा.
काळी चारच्या जरा खाली आहे.